विश्लेषण : इमारतीतील ‘फायर अलार्म’ कसा काम करतो? ऐनवेळी तो गप्प का राहतो?

ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबर २०२५च्या मध्यरात्रीनंतर वाशी सेक्टर १४ मधील ‘रहेजा रेसिडेन्सी’ या इमारतीत आग लागली आणि चौघांचा जीव गेला. काही तासांतच कामोठ्यातील एका इमारतीत लागलेल्या आगीत मायलेकींचा मृत्यू झाला. या घटनांनंतर नवी मुंबईतील अनेक गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर ‘आपल्याकडचा अलार्म चालतो का?’ हा प्रश्न फिरू लागला. त्याचे उत्तर देण्यासाठी छतावरच्या पांढऱ्या डबीपासून वॉचमनच्या केबिनपर्यंतची सगळी साखळी समजून घ्यावी लागते. त्यातली एक कडी निसटली, तर बाकीची यंत्रणा असून नसल्यासारखी होते.

वाशीची घटना काय सांगते?

वाशीतील आग दहाव्या मजल्यावर लागली आणि अकराव्या, बाराव्या मजल्यापर्यंत पोहोचली. मृतांपैकी तिघे बाराव्या मजल्यावरचे होते आणि त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. म्हणजे ज्या घरात ठिणगी पडते, त्याच घराला धोका असतो असे नाही. वरच्या मजल्यांवर झोपलेल्यांना खाली काय पेटले आहे याचा पत्ताच नसतो. धूर मात्र जिना, लिफ्टची पोकळी, केबलचे डक्ट आणि खिडक्यांमधून वर चढत असतो. मुंबईत गोरेगावच्या ‘जय भवानी’ या सातमजली इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३च्या पहाटे हेच घडले होते. आग तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये होती, मृत्यू मात्र वरच्या मजल्यांवर झाले. जे जागे नाहीत आणि ज्यांना आग दिसत नाही, त्यांना वेळीच उठवणे हे फायर अलार्मचे पहिले काम आहे.

पहिली पाच मिनिटे इतकी महत्त्वाची का?

घरातील वस्तू बदलल्या तशी आगीची चालही बदलली. लाकडी पलंग, कापसाच्या गाद्या आणि सुती पडदे यांच्या जागी फोमचे सोफे, प्लायवूड, प्लास्टिक आणि सिंथेटिक पडदे आले. अमेरिकेतील ‘यूएल’ या संस्थेने जुन्या आणि नव्या पद्धतीने सजवलेल्या खोल्या प्रयोगासाठी पेटवून पाहिल्या. संपूर्ण खोलीने एकदम पेट घेण्यास जुन्या खोलीत अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. नव्या खोलीत हे पाच मिनिटांच्या आत घडले. शिवाय फोम जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि इतर विषारी वायू तयार होतात. झोपेत ते छातीत गेले तर माणूस जागा होण्याआधीच बेशुद्ध पडतो. अग्निशमन केंद्र कितीही जवळ असले, तरी फोन लागणे, बंब निघणे, गेटपाशी लावलेल्या गाड्या हटवणे आणि जवान वर पोहोचणे यात ही मिनिटे संपून जातात. बंब येईपर्यंतचा वेळ राखण्याचे काम यंत्रणेला आणि रहिवाशांनाच करावे लागते.

धूर ओळखला कसा जातो?

छतावरच्या स्मोक डिटेक्टरमध्ये एक छोटी काळी पोकळी असते. तिच्यात एका बाजूला प्रकाश टाकणारा एलईडी दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. दोघे समोरासमोर नसतात, कोनात बसवलेले असतात. त्यामुळे हवा स्वच्छ असताना दिव्याचा प्रकाश सेन्सरवर पडत नाही. धुराचे कण आत आले की प्रकाश त्यांच्यावर आदळून विखुरतो आणि त्यातला काही सेन्सरपर्यंत पोहोचतो. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रकाश पोहोचला की डिटेक्टर ‘आग’ असा इशारा देतो. पावसाळी रात्री गाडीच्या दिव्यांचा झोत धुक्यामुळे दिसू लागतो, तसाच हा प्रकार.

दुसरा प्रकार ‘आयोनायझेशन’ डिटेक्टरचा. त्यात अमेरिशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अत्यल्प अंश असतो. त्यामुळे आतल्या हवेतून सूक्ष्म वीजप्रवाह वाहत राहतो आणि धूर आला की तो कमी होतो. या तंत्राचा जन्म योगायोगाने झाला. १९३०च्या दशकात वॉल्टर येगर हे स्विस भौतिकशास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे उपकरण बनवत होते. वायूने उपकरणाचा काटा हलला नाही, पण त्यांनी सिगारेट पेटवली तेव्हा हलला. आता इमारतींमध्ये मुख्यतः प्रकाशावर चालणारे डिटेक्टरच बसवले जातात. धुमसणाऱ्या गादीचा किंवा वितळणाऱ्या वायरीचा दाट धूर ते लवकर पकडतात.

ऐरोली, महापे, रबाळे पट्ट्यातील डेटा सेंटरमध्ये याहून संवेदनशील पद्धत लागते. तिथे छिद्रे पाडलेल्या नळ्यांमधून खोलीतली हवा सतत ओढून घेतली जाते आणि लेझरच्या साहाय्याने तपासली जाते. डोळ्यांना दिसण्याआधीचा धूरही त्यात सापडतो.

स्वयंपाकघरात स्मोक डिटेक्टर का नको?

फोडणी, तव्यावरचा धूर आणि कुकरची वाफ यांमुळे तो रोजच वाजेल. म्हणून स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारा हीट डिटेक्टर योग्य ठरतो. त्याचे दोन प्रकार आहेत. एक ठरावीक तापमानाला, बहुधा ५७-५८ अंश सेल्सिअसच्या आसपास, इशारा देतो. दुसरा तापमान किती झपाट्याने वाढते आहे हे पाहतो. हीट डिटेक्टर धुरापेक्षा उशिरा जागा होतो आणि त्याला जागाही कमी झेपते. सर्वसाधारणपणे एक स्मोक डिटेक्टर १०० चौरस मीटर क्षेत्रासाठी, तर हीट डिटेक्टर ५० चौरस मीटरसाठी धरला जातो. भिंती, तुळया आणि बंद दारे असतील तिथे ही संख्या वाढते.

गॅसगळती ओळखणारे उपकरण या दोन्हींपेक्षा वेगळे असते आणि ते बसवताना हमखास चूक होते. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. त्याचा डिटेक्टर जमिनीपासून थोड्याच उंचीवर हवा. पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो आणि तो हलका असल्याने वर जातो. त्याचा डिटेक्टर छताजवळ हवा. सिलिंडर देऊन पाइप गॅस घेतला, पण डिटेक्टर जुन्याच जागी राहिला, तर त्याचा उपयोग नाही.

पॅनेल नेमके काय करते?

इमारतीतले सारे डिटेक्टर वायरींनी एका पॅनेलला जोडलेले असतात. ते बहुधा लॉबीत किंवा सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये असते. जुन्या, ‘कन्व्हेन्शनल’ पद्धतीत इमारतीचे विभाग, म्हणजे झोन पाडलेले असतात. प्रत्येक झोनच्या वायरीतून कायम थोडा वीजप्रवाह वाहतो आणि वायरीच्या टोकाला एक रोधक बसवलेला असतो. डिटेक्टरने धूर पकडला की प्रवाह वाढतो आणि पॅनेलवर लाल दिवा लागतो. वायर तुटली तर प्रवाह थांबतो आणि पिवळा ‘फॉल्ट’ दिवा लागतो. पिवळा दिवा म्हणजे यंत्रणेचा एखादा भाग आंधळा झाल्याची खूण. नेमक्या याच दिव्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते.

नव्या, ‘अ‍ॅड्रेसेबल’ पद्धतीत प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक असतो. पॅनेल दर काही सेकंदांनी एकेकाची हजेरी घेते. वायर पॅनेलमधून निघून गोल फिरून पुन्हा पॅनेलमध्ये येते. त्यामुळे एका ठिकाणी ती तुटली तरी दोन्ही बाजूंनी संपर्क सुरू राहतो. ‘झोन ४’ एवढेच न सांगता पडद्यावर ‘बी विंग, नववा मजला, लिफ्ट लॉबी’ असे दिसते. मात्र ही नावे कोणीतरी आत भरावी लागतात. इमारतीत फेरबदल झाल्यावर यादी सुधारली नाही, तर पॅनेल रक्षकाला भलत्याच मजल्यावर पाठवते.

आगीची खात्री झाली की पॅनेलने हूटर वाजवण्याबरोबर इतर कामेही करायची असतात. लिफ्ट तळमजल्यावर आणून दारे उघडायची, जिन्यात स्वच्छ हवेचा दाब ठेवणारे पंखे सुरू करायचे, मध्यवर्ती वातानुकूलन थांबवायचे, कार्ड दाखवून उघडणारी दारे मोकळी करायची. त्यासाठी पॅनेल त्या-त्या यंत्रणेला प्रत्यक्ष जोडलेले असावे लागते. वीज गेली तरी पॅनेलचा पहारा बॅटरीवर साधारण २४ तास चालावा, अशी अपेक्षा असते.

डिटेक्टर, लाल पेटी आणि स्प्रिंकलर यांत फरक काय?

जिन्याजवळ आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर काच किंवा प्लास्टिकची पट्टी असलेली लाल पेटी असते. तिला ‘मॅन्युअल कॉल पॉइंट’ म्हणतात. आग माणसाला आधी दिसली, तर त्याने ती पट्टी दाबून सगळ्यांना उठवायचे असते. ती दाबल्याने पाणी सुटत नाही.

स्प्रिंकलरचे काम स्वतंत्रपणे चालते. त्याच्या तोंडाशी रंगीत द्रव भरलेली काचेची छोटी कुपी असते. लाल कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि तेवढ्याच ठिकाणी पाणी सुटते. चित्रपटात दाखवतात तसे सगळे स्प्रिंकलर एकदम सुरू होत नाहीत. पाणी वाहू लागले की पाइपमधला ‘फ्लो स्विच’ पॅनेलला कळवतो आणि हूटर वाजतो. मात्र पंपघरातला पंप ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर किंवा बंद ठेवला असेल, तर कुपी फुटूनही पाणी फार काळ टिकत नाही.

यंत्रणा असूनही ती गप्प का राहते?

सगळ्यात मोठे कारण खोट्या इशाऱ्यांचे. धूळ, किडे आणि दमट हवा डिटेक्टरमध्ये शिरली की प्रकाश विखुरतो आणि धूर नसताना अलार्म वाजतो. खाडीकाठच्या नवी मुंबईत पावसाळ्याचे चार महिने आणि बाराही महिने कुठे ना कुठे चाललेले फ्लॅटचे नूतनीकरण, अशी दोन्ही निमित्ते हजर असतात. रात्री दोन वाजता तीनदा खोटा अलार्म वाजला की रहिवासी चिडतात. मग समिती ‘तूर्तास’ हूटर बंद करायला सांगते आणि तो पुन्हा सुरू करायचा राहून जातो. यावर उपाय हूटर बंद करण्याचा नसतो. वाजणारा डिटेक्टर साफ करणे, त्याचा प्रकार किंवा जागा बदलणे, किंवा धूर आणि उष्णता दोन्ही तपासणारा डिटेक्टर बसवणे, हे पर्याय असतात.

इतर कारणे त्याहून साधी असतात. रंगकामाच्या वेळी डिटेक्टरवर घातलेली प्लास्टिकची टोपी नंतर कोणी काढत नाही. पीओपीच्या छतात डिटेक्टर किंवा स्प्रिंकलर झाकला जातो. बॅटरी वर्षानुवर्षे बदललेली नसते. बिल्डरकडून इमारत सोसायटीच्या ताब्यात येते, पण वायरिंगचे नकाशे आणि पॅनेलचा पासवर्ड येत नाही. वार्षिक देखभालीचा करार सर्वांत कमी दर देणाऱ्याला मिळतो आणि तपासणी म्हणजे रजिस्टरवर सही एवढाच अर्थ उरतो.

शेवटची कडी सुरक्षारक्षकाची. पॅनेलवर सहसा तीन बटणे असतात. ‘अ‍ॅक्नॉलेज’ म्हणजे इशारा पाहिला, ‘सायलेन्स’ म्हणजे हूटर थांबवा आणि ‘रिसेट’ म्हणजे सगळे पूर्ववत करा. घटनास्थळी न जाताच रिसेट दाबले, तर धूर वाढून पुन्हा इशारा येईपर्यंतचा वेळ वाया जातो. एजन्सीने महिनाभरापूर्वी पाठवलेल्या नव्या रक्षकाला हा फरक कोणी सांगितलेला असतोच असे नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. हाँगकाँगमधील ‘वांग फुक कोर्ट’ या निवासी संकुलात २६ नोव्हेंबर २०२५ रोजी लागलेल्या आगीत दीडशेहून अधिक जणांचा मृत्यू झाला. संकुलातील आठही इमारतींमधील अलार्म नीट काम करत नव्हते, असे तेथील अग्निशमन विभागाला नंतरच्या तपासणीत आढळले.

आवाज किती मोठा हवा?

सर्वसाधारण ठिकाणी अलार्मचा आवाज किमान ६५ डेसिबल किंवा आजूबाजूच्या आवाजापेक्षा ५ डेसिबल जास्त असावा, तर माणसे झोपतात तिथे उशाशी तो ७५ डेसिबल असावा, हा प्रचलित निकष आहे. मजल्यावरच्या लॉबीत लावलेला हूटर मुख्य दार आणि बेडरूमचे दार अशी दोन दारे ओलांडून पलंगापर्यंत पोहोचेस्तोवर बराच क्षीण होतो. त्यात एसी आणि पंख्याचा आवाज. लॉबीत कानठळ्या बसवणारा अलार्म झोपेतल्या ज्येष्ठाला ऐकूच येत नाही, असे होऊ शकते. म्हणून चाचणी लॉबीत उभे राहून नव्हे, तर बेडरूमची दारे लावून घ्यायला हवी.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ही यंत्रणा बसवण्याची आणि चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. सोसायटी झाल्यावर ती व्यवहारात व्यवस्थापन समितीकडे येते. दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यात परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून ‘नमुना ब’, म्हणजेच ‘फॉर्म बी’ हे प्रमाणपत्र अग्निशमन विभागाकडे सादर करावे लागते. वाशी, नेरूळ, ऐरोलीसारख्या भागांत हे काम नवी मुंबई महापालिकेच्या अग्निशमन दलाकडे आहे. कामोठे, खारघर, कळंबोली पनवेल महापालिकेच्या हद्दीत येतात. त्रुटी असल्यास नोटीस देणे आणि गंभीर प्रकरणात वीज-पाणी तोडण्यापर्यंतची कारवाई करणे, असे अधिकार यंत्रणेकडे आहेत.

नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये १५ मीटर व त्याहून उंच इमारत ‘उंच इमारत’ मानली जाते. कोणत्या इमारतीत कोणती यंत्रणा हवी हे तिची उंची आणि वापर यांवर ठरते. अलार्म कसा निवडावा, बसवावा आणि सांभाळावा यासाठी ‘आयएस २१८९’ हे भारतीय मानक आहे. मात्र सहा महिन्यांनी मिळणारे प्रमाणपत्र त्या दिवसाची स्थिती सांगते. दुसऱ्या दिवशी हूटर बंद केला, तर ते कागदावर दिसत नाही.

जुन्या, बैठ्या इमारतींचे काय?

सिडकोने वसवलेल्या अनेक वसाहतींमध्ये तीन-चार मजली जुन्या इमारती आहेत. तिथे पॅनेल, हूटर असे काहीच नसते. मोठी यंत्रणा बसवणे तिथल्या रहिवाशांना परवडेलच असे नाही. अशा घरांसाठी बॅटरीवर चालणारा स्वतंत्र ‘स्मोक अलार्म’ हा व्यवहार्य पर्याय आहे. विकत घेताना मात्र नाव नीट पाहावे. नुसत्या ‘डिटेक्टर’मध्ये भोंगा नसतो, तो पॅनेलशी जोडल्याशिवाय निरुपयोगी आहे. ‘अलार्म’मध्ये सेन्सर आणि भोंगा दोन्ही असतात. तो स्वयंपाकघरात न लावता बेडरूमच्या बाहेर, छताच्या मध्यभागाजवळ लावावा. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे आणि दहा वर्षांनी पूर्ण उपकरणच बदलावे. इमारतीच्या पातळीवर मीटर रूम आणि दुचाकींचे पार्किंग ही दोन ठिकाणे आधी सांभाळावीत, कारण तिथला धूर थेट जिन्यात शिरतो.

रहिवाशांनी काय तपासावे?

यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. येता-जाता पॅनेलकडे पाहावे. हिरवा दिवा असावा, पिवळा नसावा. ‘हूटर बंद’ किंवा ‘डिसेबल’ असे काही दिसत असेल तर कारण विचारावे. पंपघरात पंप ‘ऑटो’वर आहे का ते पाहावे. आपल्या मजल्यावरच्या डिटेक्टरवरची टोपी निघाली आहे का, हे मान वर केली तरी कळते. देखभाल करणारी कंपनी येईल तेव्हा समितीतील एकाने सोबत फिरावे. मुख्य वीज बंद करून पॅनेल बॅटरीवर चालते का, एका डिटेक्टरवर चाचणीचा धूर सोडल्यावर पॅनेल योग्य मजला दाखवते का आणि लिफ्ट खाली येते का, एवढे तिथेच पाहता येते. रक्षक बदलला की पहिल्याच पाळीत त्याला पॅनेल समजावून द्यावे.

अलार्म वाजला तर काय करावे?

लिफ्ट वापरू नये. दार उघडण्याआधी ते हाताच्या मागच्या बाजूने चाचपावे. गरम नसेल आणि जिन्यात धूर नसेल, तर बाहेर पडून दार ओढून घ्यावे. उघडे राहिलेले दार धुराला आणि आगीला वाट देते. जिना धुराने भरला असेल, तर माघारी येऊन दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबावेत, खिडकी असलेल्या खोलीत थांबावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करून मजला व फ्लॅट क्रमांक सांगावा. २२ ऑगस्ट २०१८ रोजी परळच्या ‘क्रिस्टल टॉवर’मधील आगीत दहा वर्षांच्या झेन सदावर्तेने शाळेत शिकलेली हीच युक्ती वापरली. ओल्या कापडातून श्वास घ्यायला लावून तिने शेजाऱ्यांसह १७ जणांना सावरले. त्यासाठी तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कारही मिळाला. त्या आगीत चौघांचा मृत्यू झाला होता.

पुढच्या वेळी ‘फॉर्म बी’ सादर करताना सोसायट्यांना प्रमाणपत्राबरोबर चाचणीची नोंदही मागता येईल: कोणत्या मजल्यावरचा डिटेक्टर तपासला, हूटर कोणत्या घरात ऐकू आला, बॅटरी किती वेळ चालली. त्याच रविवारी सकाळी अर्ध्या तासाची सूचना देऊन अलार्म वाजवला आणि सगळे जिन्याने खाली उतरले, तर कोणाला ऐकू आले नाही आणि कोणाला उतरताना मदत लागते, हेही त्याच दिवशी समजेल.